झाडाच्या उजवीकडून, डावीकडून की खालून

तुमचा प्रश्न असा: डिस्क गोल्फ खेळायला लागून आठ महिने झाले, तीन-चार कोर्स फिरून झाले, सोबतचे सगळे आपापल्या आवडत्या होलबद्दल भरभरून बोलतात आणि तुम्हाला मात्र सगळी होलं सारखीच वाटतात. मग एखादं होल आवडतं होतं ते कशामुळे? देखाव्यामुळे, अवघडपणामुळे, की तिथे एकदा चांगला स्कोअर पडला म्हणून?

मी २००६ पासून खेळतोय, सॅन होजेच्या आसपास. काही वर्षं रविवारची लीग चालवली. दोन कोर्सवर बास्केट कुठे बसवायची यावर वाद घालणाऱ्या मंडळींत मीही होतो. माझ्या बाबतीत तरी तुम्ही दिलेल्या तिन्ही कारणांतलं एकही लागू पडत नाही. टीवर, म्हणजे पहिली फेक जिथून टाकतात तिथे, उभं राहिलं की जिथे दोन-तीन रस्ते दिसतात, सगळे जाण्यासारखे असतात आणि त्यातला कुठला घ्यायचा हे ठरवताना हातातली डिस्क दोनदा बदलली जाते, ते होल माझं. बाकी देखावा वगैरे वरची कोथिंबीर.

एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण ते कोरडं वाटेल. म्हणून माझ्या एका होलची गोष्टच सांगतो.

त्याआधी, हा खेळ न पाहिलेला कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी थोडंसं. डिस्क गोल्फमध्ये 'होल' म्हणावं असं भोक कुठेच नसतं. खांबाला साखळ्या टांगलेल्या असतात आणि खाली टोपली. टीवरून डिस्क, म्हणजे थाळीसारखी चकती, फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची, आणि टोपलीत जाईपर्यंत किती वेळा फेकली ते मोजायचं. सुरुवातीला लोक झाडाला, दिव्याच्या खांबाला, कचऱ्याच्या डब्याला नेम धरायचे आणि लागली की नाही यावरून हुज्जत घालायचे. एड हेड्रिकनं पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिला कायमचा कोर्स उभारला आणि साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट त्याला १९७७ मध्ये मिळालं. साखळ्या डिस्कचा वेग खातात आणि ती खाली टोपलीत पडते. वर खळ्ळकन आवाज येतो, आणि माझ्या मते निम्मे लोक त्या आवाजापायीच या खेळात अडकलेत. हेड्रिक २००२ मध्ये गेला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची राख मिसळून डिस्क बनवल्या होत्या. खेळाचं वेड म्हणजे काय, हे त्यावरून कळावं.

मुद्दा असा की टोपली सगळीकडे सारखीच. आपण 'होल' म्हणतो ते खरं तर टी आणि टोपली यांच्यामधल्या जमिनीला, झाडांना, उताराला आणि वाऱ्याला. आवडनिवड जी काही ठरते ती या मधल्या जागेत.

तर आमच्या काउंटी पार्कातलं सात नंबर. पार ३, म्हणजे चांगल्या खेळाडूनं तीन फेकींत संपवावं असं; लांबी २६८ फूट. फोटो काढावा असं तिथे काही नाही. आमच्याकडच्या टेकड्या मे महिन्यापासून वाळक्या गवतानं पिवळ्या पडतात त्या थेट पावसाळ्यापर्यंत, म्हणजे आपल्या हिवाळ्यापर्यंत. त्या पिवळ्या उतारावर, टीपासून साधारण १८० फुटांवर, एक थोरला व्हॅली ओक. त्याच्यामागे अठ्ठ्याऐंशी फुटांवर छोट्याशा उंचवट्यावर बास्केट. डाव्या हाताला ओढा, वर्षातले आठ महिने कोरडा, तोच पुढे वळून बास्केटच्या मागून जातो. ओढ्याच्या काठानं पॉयझन ओकची झुडपं. आपल्याकडची खाजकुइली आठवा. फरक इतकाच की हिची खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि पंधरा दिवस जात नाही.

टीवर उभं राहिलं की झाड बरोबर मध्ये. बास्केटचा पिवळा पट्टा खोडाच्या उजवीकडे जेमतेम हातभर दिसतो.

आता रस्ते बघा. पहिला उजवीकडून. उजव्या हातानं बॅकहँड फेकली की डिस्क घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरते आणि वेग कमी होत आला की डावीकडे वळत खाली येते. म्हणजे उजवीकडच्या मोकळ्या गवतावर डिस्क काढायची आणि झाडाला वळसा घालून ती आपणहून बास्केटकडे येईल असं बघायचं. यालाच हायझर म्हणतात. जागा भरपूर आहे, पण वळसा लांबचा, त्यामुळे ताकद लागते. कमी पडली तर झाडाच्या पाठीमागे अडकता, जास्त झाली तर बास्केटवरून ओढ्यात.

दुसरा डावीकडून. झाड आणि ओढा यांच्यात बारा-पंधरा फुटांची पट्टी आहे. फोरहँड मारली तर डिस्क उलटी फिरते आणि शेवटी उजवीकडे येते. ओढ्याच्या काठावरून सोडायची, आणि परत यायची की नाही हे तिचं तिनं ठरवायचं. नाही आली तर खाजकुइली.

तिसरा खालून. खोडाच्या उजव्या अंगाला एक जाड फांदी बाहेर येऊन जमिनीकडे झुकली होती. खोड, फांदी आणि जमीन यांच्यामध्ये दारासारखी एक चौकट तयार झालेली. उंची सात फूट, रुंदी फार तर आठ. त्यातून सरळ, हळू, खांद्याच्या खालून पटर, म्हणजे हळू नि सरळ जाणारी डिस्क, ढकलायचा. ताकद नको, फक्त हात सरळ हवा. आणि हात सरळ ठेवणं ही या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट.

तीन रस्ते, तीन वेगळ्या डिस्क, आणि तिघांची चूक वेगळ्या ठिकाणी जाऊन पडते. अजून एक: बास्केट उंचवट्यावर असल्यानं तुमचा पुट, म्हणजे टोपलीत टाकायची जवळची फेक, चुकला की डिस्क कडेवर उभी राहून गडगडत ओढ्याकडे निघते. पंचवीस फुटांवरून साखळ्यांवर जायचं की जवळ टेकवून गुपचूप तीन घ्यायचे, हा चौथा प्रश्न तिथे वाट बघत असतो.

सकाळी आठला हवा पडलेली असते. दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो तो थेट तोंडावर. समोरच्या वाऱ्यात डिस्क जास्त तरंगते आणि वळायला हवी तिथे वळत नाही, उलट उजवीकडे पळते. सकाळी जो हायझर सुंदर आला तोच दुपारी शेजारच्या आठ नंबरच्या टीवर जाऊन पडतो. त्यामुळे सातवर काल काय केलं हे आज फारसं उपयोगी पडत नाही.

पहिली सात-आठ वर्षं मला एकच रस्ता माहीत होता, उजवीकडचा. तिशीतला खांदा, लांब फेकण्याची हौस, पिशवीत गरजेपेक्षा जास्त वेगाच्या डिस्क. दहातल्या चार वेळा झाड लागायचं. मला हे होल तेव्हा आवडत नव्हतं, उलट त्या झाडावर राग होता. 'हे झाड मध्ये कशाला ठेवलंय?' असं मी लीगच्या म्हाताऱ्या मंडळींना विचारलं होतं. त्यातल्या एकानं, हा गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेला, शांतपणे सांगितलं, "झाड आधीपासून आहे. तू मध्ये आलास."

२०१४ च्या उन्हाळ्यात आईबाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. बाबा निवृत्त शिक्षक. घरात बसून कंटाळले म्हणून एका शनिवारी त्यांना पार्कात नेलं. पहिली तीन होलं ते काही बोलले नाहीत, हात मागे बांधून चालत राहिले. चौथ्यावर म्हणाले, "म्हणजे थाळी आपणच फेकायची आणि आणायलाही आपणच जायचं?"

"हो बाबा."

"आणि हे तू पंधरा हजार किलोमीटरवर येऊन करतोस."

अंतर बाबांनी थोडं वाढवून सांगितलं होतं, पण मी वाद घातला नाही.

सातवर पुढचा ग्रुप अडकला होता. तिथे टीजवळ एक आडवा ओंडका आहे, त्यावर बसलो. थर्मासमधला चहा, आईनं दिलेला भडंग. बाबांनी माझी एक मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची डिस्क, हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि कडेला बोट लावून विचारलं, "ही भाकऱ्यांसारखी नाही का जायची?"

नदीवर चपटा दगड पाण्याला समांतर मारून टप्पे काढतात, त्याला आमच्याकडे भाकऱ्या म्हणतात. कृष्णेच्या काठी बाबांचं लहानपण त्यात गेलेलं. त्यांनी धावणं नाही, वळणं नाही. उभ्या जागेवरून, कोपर अंगाशी, मनगटाचा एक झटका दिला. डिस्क जमिनीपासून चार फुटांवरून निघाली, झाडाच्या डावीकडच्या पट्टीतून गेली, गवतावर एकदा टेकली, उसळली, परत टेकली आणि उजवीकडे वळत उंचवट्याच्या पायथ्याशी थांबली. बास्केटपासून चाळीस फूट असेल. पुढच्या ग्रुपमधला एक जण वळून टाळ्या वाजवायला लागला.

मी आठ वर्षं खेळत होतो आणि त्या पट्टीतून एकदाही डिस्क काढली नव्हती.

हे इथे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडून आलेल्या नव्या खेळाडूंना बहुतेक वेळा आधी बॅकहँड शिकवतात आणि ते त्यातच चाचपडत राहतात. ज्यानं लहानपणी भाकऱ्या काढल्यात किंवा पॉइंटवरून बाजूनं चेंडू यष्ट्यांवर मारलाय, त्याच्या मनगटात फोरहँड अर्धा तयारच असतो. तुमचंही तसं असेल तर तो आधी धरा. फक्त सांभाळून: क्रिकेटमध्ये हात वरून येतो, तसा वरून आणलात तर डिस्क कोलमडते. कोपर खाली, तळहात आकाशाकडे.

बाबा परत गेले, मी डावीकडचा रस्ता शिकलो. शिकलो म्हणजे वर्षभर ओढ्यात उतरत राहिलो. लांब बाह्यांचा शर्ट आणि पिशवीत साबणाच्या पुड्या, असा माझा तेव्हाचा जामानिमा होता.

२०१६ मध्ये कोपर गेलं. आतल्या बाजूचं, जे फोरहँडनंच जातं. फिजिओनं सांगितलं, तीन महिने जोर नाही. खेळायचं पूर्ण बंद करायला मी तयार नव्हतो, म्हणून फक्त दोन पटर घेऊन जायचो आणि सगळं हळू फेकायचो. अशा एका सकाळी सातच्या टीवर पहिल्यांदा ती चौकट नीट दिसली. दिसत तर आधीही होती. पण ती आपल्यासाठी आहे असं वाटलं नव्हतं. पटर हलकेच सोडला, फांदीच्या खालून गेला आणि खोडापलीकडे तीस फुटांवर पडला. तिथून दुसरा पुढे टेकवला आणि तिसरा आत. पार. कोपराला कळलंसुद्धा नाही. त्या तीन महिन्यांत सातवर माझी सरासरी आधीपेक्षा बरी आली. हे कबूल करायला मला अजून थोडं जड जातं.

आता तुमच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. होल तेच, झाड तेच, अंतर तेच. दहा वर्षांत मी त्याला तीन वेगवेगळी उत्तरं दिली. आठ महिन्यांत तुम्हाला हे कसं दिसावं? तुमच्याकडे सध्या एकच फेक आहे. एकच फेक असली की प्रत्येक होल म्हणजे 'जोरात पुढे' एवढंच असतं, आणि मग सगळी सारखी वाटणारच. तुमच्या नजरेत खोट नाही.

गाजलेल्या होलबद्दलही बोललं पाहिजे, कारण तुमचे मित्र बहुधा त्यांचीच नावं घेत असतील. आमच्यापासून सगळ्यात जवळचं म्हणजे सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा कोर्सचं २७ नंबर, 'टॉप ऑफ द वर्ल्ड'. कोर्स १९८४ चा. हायवे १७ ची वळणं पार करून जायचं, सव्वीस होलं झाडांतून वरखाली करायची आणि मग टेकडीच्या माथ्यावर यायचं. डिस्क खाली पाचशे फुटांहून लांब उतरत जाते आणि हवा स्वच्छ असेल तर समोर मॉन्टेरेचा उपसागर. तिथे फेकलेली डिस्क हवेत इतका वेळ राहते की आपण तिला विसरून दुसरं काही बोलायला लागावं. पाहुणा आला की मी त्याला तिथे नेतो. पण माझं आवडतं? नाही. तिथे डोळे निवतात, हात मोकळा होतो, पण निवड फारशी नसते. जोरात, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन. झालं.

साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलच्या विनथ्रोपचं १७ नंबर त्याच्या बरोब्बर उलट. १९९९ पासून तिथे अमेरिकेची मोठी स्पर्धा होते. सतरावं होल जेमतेम अडीचशे फुटांचं, तुम्ही-मीही सहज पोचू असं. फक्त बास्केटभोवतालची जागा गवताच्या गठ्ठ्यांनी आखलेली. आत थांबली तर ठीक, बाहेर गेली तर दंड. स्पर्धा संपायला एक होल उरलेलं आणि हाताला घाम. बघायला याच्यासारखं होल नाही. रोज खेळायला मात्र मला ते फार एकसुरी वाटेल. एकच प्रश्न, तोही ओरडून विचारलेला.

आणि काही होलं तिथे घडलेल्या एका फेकीमुळे लक्षात राहतात. २०२१ ची जागतिक स्पर्धा यूटातल्या ऑग्डेनला झाली. शेवटच्या अठराव्या होलवर पॉल मॅकबेथ एकानं पुढे, त्याचं विजेतेपद जवळपास नक्की. जेम्स कॉनरॅड २४७ फुटांवर उभा. त्यानं पटर फेकला आणि तो थेट साखळ्यांत गेला. बरोबरी झाली आणि जादा होलवर कॉनरॅड जिंकला. मी ते घरी सोफ्यावर बसून पाहिलं आणि इतका ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं मी पडलो. पण खरं सांगू, ते होल स्वतः कसं आहे हे मला आज विचारलं तर ती एक फेक सोडून फारसं काही आठवत नाही. फेकीनं होलला गिळलं.

एसचंही तसंच. एस म्हणजे टीवरून पहिलीच डिस्क टोपलीत. माझा पहिला एस पडला तो आमच्याच कोर्सच्या बारा नंबरवर. डिस्क डावीकडच्या निलगिरीवर आपटली, उजवीकडे फेकली गेली आणि साखळ्यांत. प्रथेप्रमाणे सोबतच्या सगळ्यांनी डिस्कवर सह्या केल्या, मी ती भिंतीवर लावली. बारा नंबर मला त्याआधी आवडत नव्हतं, त्यानंतरही आवडलं नाही. झाडांची अशी गर्दी की चांगली फेक आणि वाईट फेक यांना तिथे सारखाच न्याय. त्या दिवशी लॉटरी मला लागली इतकंच.

बारा आणि सात यांच्यातला फरक कसा ओळखायचा, याची एक सोपी रीत आम्ही बास्केटच्या जागा ठरवताना वापरायचो. ती तुम्हालाही करता येईल. कोर्स रिकामा असताना एका टीवरून दहा डिस्क फेका. प्रत्येक डिस्क हातातून सुटताच, ती पडायच्या आधी, मोठ्यानं म्हणा: चांगली, किंवा वाईट. हातालाच ते कळतं. मग जाऊन बघा. चांगल्या म्हटलेल्या डिस्क बास्केटजवळ आणि वाईट म्हटलेल्या अडचणीत असतील तर होल प्रामाणिक आहे. दोन्ही सगळीकडे मिसळून पडलेल्या असतील तर तो जुगार. आणि दहाच्या दहा एकाच टापूत, कुणाला शिक्षा नाही नि कुणाला बक्षीस नाही, असं असेल तर ते होल नुसतं चालायचं अंतर आहे.

हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. विशेषतः अंतराची गफलत झाली की. समजा एखादं होल पार ३ आहे, पण इतकं लांब की क्लबातला चांगला खेळाडूही पहिल्या फेकीत पोचत नाही, आणि इतकं लांबही नाही की दुसऱ्या फेकीत काही विचार करावा लागावा. मग सगळे तीन घेतात. नवखा तीन, पट्टीचा तीन. इंग्रजीत अशा होलला ट्वीनर म्हणतात. मी त्याला 'ना घरका ना घाटका' म्हणतो, कारण मराठीत याहून नेमकं मला सुचलेलं नाही. एका कोर्सवर आमच्याकडे असं एक होल होतं. टी चाळीस फूट पुढे आणली, बाकी काही केलं नाही. लगेच लोक त्यावर भांडायला लागले. भांडण सुरू झालं की समजावं, होल जिवंत झालं.

सातच्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहिली. २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून २०२३ च्या जानेवारीपर्यंत कॅलिफोर्नियात एकामागून एक वादळं आली. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली जमीन भिजून लोण्यासारखी मऊ झाली आणि वर वारा. राज्यभर झाडं पडली. पार्क तीन आठवडे बंद होता. उघडल्यावर पहिल्या रविवारी आम्ही सात-आठ जण गेलो. ओढा दुथडी भरून वाहत होता. ओक उभा होता, पण उजवीकडची ती जाड फांदी खोडापासून फाटून खाली आलेली, तिच्याबरोबर खोडाची एक ढलपी. आतलं लाकूड ओलं, केशरी. कुणी काही बोललं नाही. पोस्टातल्या म्हाताऱ्यानं फांदीवर हात ठेवला, मग पुढे जाऊन आपली डिस्क फेकली. त्याला चौकट नव्हती, कुणालाच नव्हती. मधला रस्ता सताड उघडा.

वसंतापर्यंत सगळे सरळ फेकायला लागले. उजवीकडून कुणी जाईना, डावीकडून तर अजिबात नाही. बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फेक कमी, धडाधड पडू लागल्या आणि नव्या पोरांना होल आवडायला लागलं. मला मात्र टीवर उभं राहून विचार करायला काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या फांदीला शिव्या घातल्या तिच्यावरच होल उभं होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

बैठक झाली. एक गट म्हणाला, आहे तसं राहू द्या, सोपं होलही हवं. दुसरा म्हणाला, बास्केट हलवा. पार्कवाल्यांची परवानगी, खड्डा, सिमेंट असं सगळं करून ती डावीकडे तीस फूट सरकवली, ओढ्याच्या आणखी जवळ. आता डावीकडच्या पट्टीला परत भाव आला. फोरहँडवाले खूश. माझं कोपर अजून कुरकुरतं, म्हणून मी उजव्या हातानं बॅकहँडच टाकतो, पण डावीकडून, आणि डिस्क अशी घेतो जी शेवटी वळत नाही. दहातल्या तीन वेळा जमतं. हे चौथं उत्तर, आणि ते अजून पुरतं माझं झालेलं नाही.

तर तुम्ही काय करावं? नवे कोर्स शोधत फिरू नका. जवळचा एकच कोर्स घ्या आणि तिथलं असं होल शोधा जिथे तुम्ही नेहमी एकच चूक करता. तीन आठवडे ते होल वेगळ्या रस्त्यानं खेळा, स्कोअर वाईट आला तरी. सकाळी एकदा, वाऱ्यात एकदा. पिशवी घरी ठेवून फक्त एक पटर घेऊन एकदा. टीवर गर्दी असेल तर वैतागू नका, पुढच्यांच्या डिस्क कुठून जातात ते बघा. मला माझा दुसरा रस्ता ओंडक्यावर बसल्या बसल्या मिळाला. आणि ज्या झाडाला शिव्या देता त्याच्याजवळ एकदा चालत जा, टीकडे तोंड करून उभे राहा आणि तिथून आपलीच डिस्क येताना कशी दिसेल ते बघा. बास्केटच्या बाजूनं उलटं पाहिलं की रस्ते दिसतात, हे मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, प्रवास होत नाही. रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सोमवारी सकाळी, फोन होतो. बाकी कोर्सची त्यांना पडलेली नाही. "सातला किती?" एवढं विचारतात. फांदी पडल्याचं सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुसरं झाड लावा की."

ते आधीच ठरलं होतं. पार्कवाल्यांनी त्याच ओकच्या बियांपासून रोपं केली होती. त्यातलं एक आम्ही २०२४ च्या हिवाळ्यात जुन्या झाडाच्या उजवीकडे लावलं, बरोबर फांदी जिथे झुकायची तिथे. हरणांनी खाऊ नये म्हणून भोवती तारेची जाळी, छातीइतक्या उंचीची. रोप अजून गुडघ्यापर्यंतसुद्धा आलेलं नाही.

गेल्या रविवारी वारा नव्हता, घाई होती, म्हणून विचार न करता सरळ मधून पटर सोडला. जाळीच्या वरच्या कडेला खण्णकन लागला आणि तिथेच पडला. मागून कुणीतरी हसलं. चार घेतले.